अहवालातले ७२ टक्के आणि यंत्रावरचे साडेतीन तास: एका डायलिसिस केंद्राच्या सेवेचे मूल्यमापन

पार्श्वभूमी

या प्रकरणातील रुग्ण बासष्ट वर्षांच्या आहेत. मधुमेहामुळे त्यांची मूत्रपिंडे हळूहळू निकामी होत गेली, आणि आमचा त्यांच्याशी संबंध आला तेव्हा त्यांना डायलिसिसवर चौदा महिने झाले होते. घरापासून जवळ असलेल्या केंद्रात आठवड्यातून तीन वेळा, संध्याकाळच्या शिफ्टमध्ये त्यांना यंत्रावर घेतले जाई. डाव्या हाताला फिस्टुला होता, म्हणजे शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडून केलेली जागा; तेथे दोन सुया टोचून एकीने रक्त यंत्रात ओढतात आणि दुसरीने परत सोडतात. मूत्रपिंडतज्ज्ञांनी लिहून दिलेली मात्रा अशी होती: दर वेळी चार तास, रक्ताचा वेग मिनिटाला ३०० मिलिलिटर, डायलिसिस द्रवाचा वेग मिनिटाला ५०० मिलिलिटर. ड्राय वेट, म्हणजे अंगातले जादा पाणी काढून झाल्यावर राहायला हवे ते वजन, ५८ किलो धरलेले होते. रुग्णाची आणि केंद्राची ओळख पटेल असे सर्व तपशील येथे वगळले आहेत. लेखात त्यांना ‘आई’ आणि त्यांच्या लेकीला ‘मुलगी’ एवढेच म्हटले आहे.

आमचा गट मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या कुटुंबांना अहवाल समजावून सांगतो आणि डॉक्टरांना काय विचारायचे हे ठरवायला मदत करतो. उपचारांचे निर्णय आम्ही घेत नाही. मुलगी आली ती एकच प्रश्न घेऊन: हे केंद्र चांगले आहे की नाही, हे ओळखायचे कसे? तिला स्वतःला ते चांगले वाटत होते. फरशी लखलखीत असे, यंत्रे नवी होती, कर्मचारी आईला ‘मावशी’ म्हणून आपुलकीने वागवत, आणि दर महिन्याचा रक्ततपासणीचा अहवाल समाधानकारक येई. एवढे सगळे नीट असताना आईची तब्येत मात्र पाच महिन्यांपासून उतरत चालली होती.

अडचण

आईंना भूक लागेनाशी झाली होती. रात्री अंगाला इतकी खाज सुटे की झोप लागत नसे. दोन सत्रांमधले सर्वांत लांब अंतर संपत येई त्या रात्री त्यांना आडवे झाल्यावर धाप लागे आणि उशाशी तीन उशा घेऊन बसावे लागे. डायलिसिसच्या शेवटच्या तासात पायात गोळे येत, रक्तदाब खाली जाई, मग सलाइन सोडले जाई, आणि काढलेल्या पाण्यातले थोडे असे परत अंगात जाई. हिमोग्लोबिन इंजेक्शने चालू असूनही ८.८ च्या वर चढत नव्हते. केंद्रात विचारले की वयाचे, मधुमेहाचे किंवा आई पाणी जास्त पितात असे कारण सांगितले जाई. यातले कोणतेही कारण अगदीच चुकीचे नव्हते, आणि म्हणूनच पाच महिने कोणी पुढे शोध घेतला नाही.

डायलिसिस पुरेसे होते आहे की नाही, हे प्रामुख्याने युरियावरून मोजतात. सत्राआधीच्या आणि सत्रानंतरच्या रक्तातील युरियाची तुलना करून तो किती टक्क्यांनी घटला हे काढले की यूआरआर मिळतो. तो निदान ६५ टक्के असावा असा संकेत आहे. केटी/व्ही हा याच मापाचा अधिक नेमका प्रकार आहे, कारण त्यात सत्राचा वेळ, काढलेले पाणी आणि रुग्णाचे वजन हेही हिशेबात येतात. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस घेणाऱ्यांसाठी प्रत्यक्ष मिळालेला केटी/व्ही १.२ च्या खाली जाऊ नये आणि उद्दिष्ट १.४ चे ठेवावे, असे मार्गदर्शक सूत्र आहे. आईंच्या ताज्या अहवालात सत्राआधीचा युरिया १४३ आणि नंतरचा ४० होता; म्हणजे यूआरआर ७२ टक्के.

येथे पहिली चूक माझी झाली. तो आकडा पाहून मी मुलीला सांगितले की डायलिसिसची मात्रा व्यवस्थित आहे, आपण दुसरीकडे कारण शोधू. त्यापुढचे तीन आठवडे आम्ही खाजेवरची औषधे, फॉस्फरस आणि झोपेच्या तक्रारी यांतच घालवले. रुग्ण इतका आजारी आणि अहवाल इतका चांगला, ही विसंगती समोर असताना अहवाल कसा तयार झाला हे मी विचारायला हवे होते. ते मी विचारले नाही.

वही आणि तिच्यातून दिसलेल्या गोष्टी

तीन आठवड्यांनंतर आम्ही मुलीला एक साधी वही घालायला सांगितली. त्यात रक्ताचा पंप सुरू झाल्याची वेळ, बंद झाल्याची वेळ, दर अर्ध्या तासाला पडद्यावर दिसणारा रक्ताचा वेग, रक्तदाब, काढलेले पाणी, आणि सत्र संपताना यंत्र दाखवते तो एकूण फिरलेल्या रक्ताचा लिटरमधला आकडा, एवढेच रकाने होते. शेवटचा आकडा बहुतेक यंत्रांवर असतो, पण नातेवाइकांना तो कोणी दाखवत नाही. मिनिटाला ३०० मिलिलिटर वेगाने चार तास पंप चालला तर ७२ लिटर रक्त डायलायझरमधून, म्हणजे यंत्राच्या रक्त गाळणाऱ्या भागातून, जायला हवे.

चार आठवड्यांत बारा सत्रांची नोंद झाली. त्यांतल्या अकरा सत्रांत पंप सरासरी साडेतीन तास चालला होता आणि वेग बहुतेक वेळ २५० वर होता. फिरलेले रक्त ५२ ते ५३ लिटर भरत होते. पूर्ण चार तास आणि ३०० चा वेग एकाच दिवशी मिळाला, आणि तो महिन्याच्या रक्ततपासणीचा दिवस होता.

हे कसे घडत होते, तेही वहीत आहे. एका सत्राच्या नोंदीत मुलीने लिहिले आहे की यंत्र सुरू झाल्यावर चाळीस मिनिटांनी अलार्म वाजला. तंत्रज्ञ दोन खुर्च्या पलीकडून आला, त्याने आवाज बंद केला, सुई थोडी फिरवून पाहिली, वेग ३०० वरून २५० वर आणला आणि पुढच्या अलार्मकडे गेला. संध्याकाळी त्याच्या एकट्याकडे सहा यंत्रे असत. अलार्म रक्त ओढणाऱ्या बाजूच्या दाबाचा होता, म्हणजे फिस्टुलातून मागणीइतके रक्त येत नव्हते. वेग कमी केला की अलार्म थांबतो, पण त्याचे कारण तसेच राहते. पंप थांबला तेवढी मिनिटे सत्राच्या शेवटी भरून द्यायची असतात. तीही येथे दिली जात नव्हती, कारण शेवटच्या शिफ्टनंतर यंत्रे निर्जंतुक करून केंद्र ठरलेल्या वेळी बंद करावे लागे.

अर्धा तास ऐकायला किरकोळ वाटतो. आठवड्याला तीन सत्रे, वर्षाला १५६. प्रत्येकातून अर्धा तास गेला तर वर्षाला ७८ तास होतात. म्हणजे चार-चार तासांची एकोणीस सत्रे पूर्णपणे बुडाली आणि विसाव्याचे अर्धे गेले. एखाद्या रुग्णाने वर्षात एकोणीस वेळा दांडी मारली असती तर प्रत्येकाने त्याची कानउघाडणी केली असती.

पाणी काढण्याच्या वेगाचा हिशेबही याच अर्ध्या तासावर अडला होता. आईंचे सत्रागणिक साधारण तीन लिटर पाणी काढले जाई. ५८ किलोच्या व्यक्तीच्या अंगातून तीन लिटर चार तासांत काढले तर वेग दर किलोला ताशी १२.९ मिलिलिटर पडतो. साडेतीन तासांत काढले तर १४.८. हा वेग १३ च्या वर गेला की हृदयावर ताण येण्याचा आणि मृत्यूचाही धोका वाढलेला अभ्यासांत दिसला आहे, म्हणून तो त्याखाली ठेवण्याचा प्रयत्न केला जातो. आईंचे पायातले गोळे आणि शेवटच्या तासातले रक्तदाबाचे पडणे यांचे बरेचसे उत्तर या दोन आकड्यांमध्ये होते.

राहिला प्रश्न ७२ टक्क्यांचा. तपासणीच्या दिवशी पूर्ण वेळ मिळाल्यामुळे आकडा वाढला असणार, हे उघड होते, पण तेवढ्याने एवढा फरक पटेना. पुढच्या तपासणीला मुलीने नमुना कसा घेतला जातो ते पाहिले. सत्र संपत आले असताना, पंप ३०० वरच चालू ठेवून, रक्त ओढणाऱ्या नळीच्या तोंडातून तंत्रज्ञाने सिरिंजमध्ये रक्त घेतले. योग्य पद्धतीत पाणी काढणे थांबवून पंपाचा वेग मिनिटाला १०० मिलिलिटरवर आणतात, सुमारे पंधरा सेकंद थांबतात आणि मगच नमुना घेतात. फिस्टुला अरुंद झाला असेल आणि पंप त्याच्या ताकदीपेक्षा जास्त रक्त मागत असेल, तर शुद्ध होऊन परत सोडलेले रक्त हृदयाकडे जाण्याऐवजी शेजारच्या सुईतून पुन्हा यंत्रात ओढले जाते. अशा वेळी पंप न मंदावता घेतलेल्या नमुन्यात नुकतेच धुतलेले रक्त मिसळलेले असते. युरिया खोटा कमी येतो आणि अहवाल खोटा चांगला दिसतो. ज्या आजारी फिस्टुलामुळे आईंना कमी डायलिसिस मिळत होते, त्याच फिस्टुलामुळे त्यांचा अहवाल उजळ दिसत होता, ही या प्रकरणातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. तंत्रज्ञाने यात लबाडी केली असे मला वाटत नाही. त्याला हे कोणी शिकवलेच नव्हते.

वहीबाहेरच्या दोन गोष्टी आम्ही तपासल्या. पहिली पाण्याची. मिनिटाला ५०० मिलिलिटर द्रव चार तास म्हणजे एका सत्राला १२० लिटर पाणी रुग्णाच्या रक्ताशेजारून वाहते, आणि मध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. आपण पितो ते पाणी आतड्यांतून गाळून रक्तात जाते. हे तसे जात नाही. १९९६ साली ब्राझीलमधील कारुआरू शहरातल्या एका डायलिसिस केंद्रात जलाशयातील नील-हरित शैवालाचे विष पाण्यातून रुग्णांच्या रक्तात गेले आणि ५० हून अधिक रुग्ण दगावले. रोजचा धोका मात्र साध्या क्लोरीनचा आणि क्लोरामिनचा असतो. पाण्यातले क्लोरीन अडवणाऱ्या कार्बनच्या टाक्या थकल्या की ते पुढे जाते आणि तांबड्या पेशी फोडते. म्हणून प्रत्येक शिफ्टपूर्वी तपासणी करून एकूण क्लोरीन लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत असल्याची नोंद ठेवायची असते. मुलीने नोंदवही पाहायला मागितली आणि, हे केंद्राच्या बाजूने सांगायलाच हवे, तिला ती लगेच दाखवण्यात आली. जिवाणू आणि एंडोटॉक्सिन (जिवाणूंपासून येणारे विष) यांचे महिन्याचे अहवाल लावलेले होते आणि मर्यादेत होते: मिलिलिटरला १०० पेक्षा कमी जिवाणू-वसाहती आणि ०.२५ पेक्षा कमी एंडोटॉक्सिन एकके. क्लोरीनच्या पानावर सकाळचा रकाना रोज भरलेला होता. संध्याकाळचा रकाना कोराच होता.

दुसरी गोष्ट हातांची. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हातमोजे बदलणे आणि हात स्वच्छ करणे, आणि आधीचा रुग्ण उठून गेल्यावरच खुर्ची व यंत्राचा बाहेरचा भाग जंतुनाशकाने पुसणे, हे या कामातले प्राथमिक नियम आहेत. हेपॅटायटिस बी आणि सी या केंद्रांतून अशाच वाटांनी पसरतात. बी असलेल्या रुग्णांसाठी केंद्राने वेगळी खोली आणि वेगळे यंत्र ठेवले होते. खुर्च्याही नीट पुसल्या जात. पण दोन अलार्म एकदम वाजले की तंत्रज्ञ तेच मोजे घालून एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाई, असे मुलीने बारा सत्रांत अनेकदा पाहिले.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय केंद्र बदलण्याचा होता. दुसरे केंद्र दीड तासाच्या अंतरावर होते. मुलगी तेथे जाऊन आली. तिने इमारत पाहण्यात वेळ न घालवता पंपाच्या वेळेची नोंद, नमुना घेण्याची पद्धत आणि पाण्याची वही याच तीन गोष्टी विचारल्या आणि तिन्हींची उत्तरे तिला स्पष्ट मिळाली. परंतु तेथे जागा होती ती पहाटेच्या शिफ्टला, आणि जाण्यायेण्याचे आठवड्याला नऊ तास झाले असते. डायलिसिसनंतर रक्तदाब पडणाऱ्या बासष्ट वर्षांच्या बाईंसाठी हा प्रवास स्वतःच एक जोखीम होती. शिवाय फिस्टुला अरुंद असेल तर तो नव्या केंद्रातही अरुंदच राहणार होता.

घरी करायचे पोटाचे डायलिसिस हा दुसरा पर्याय डॉक्टरांनी मोकळेपणाने चर्चेला घेतला. आईंची पूर्वी पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेली होती आणि मधुमेहाने दृष्टीही अधू झाली होती, त्यामुळे तो पुढे ढकलला गेला.

तिसरा पर्याय परवाना देणाऱ्या यंत्रणेकडे थेट तक्रारीचा होता, आणि यावर आमच्या गटात खरा मतभेद झाला. माझ्या एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की संध्याकाळच्या शिफ्टला बसणाऱ्या प्रत्येकाची मिनिटे कापली जात असणार. आपण आपल्या एका रुग्णाचे भागवून गप्प बसलो तर बाकीच्यांचे काय? हे म्हणणे मला आजही खोडता येत नाही. माझी बाजू अशी होती की तक्रारीच्या चौकशीला महिने लागतील, तोवर आईंना त्याच खुर्चीवर बसायचे आहे, आणि मागितल्यावर नोंदवही पुढे करणारे केंद्र दुरुस्तीला तयार होण्याची शक्यता बरी आहे. शेवटी असे ठरले की प्रथम मूत्रपिंडतज्ज्ञांकडे जायचे, मग केंद्राच्या प्रमुखांना लेखी मुद्दे द्यायचे आणि एक महिना वाट पाहायची. त्या काळात दुसऱ्या केंद्रातल्या जागेसाठी नाव नोंदवून ठेवायचे. महिन्यात फरक पडला नाही तर तक्रार करायची, आणि तीत साऱ्या शिफ्टचा उल्लेख करायचा.

उचललेली पावले

ठरले तसे घडले नाही. डॉक्टरांच्या भेटीच्या दोन दिवस आधी आईंचे सत्र तीन तास दहा मिनिटांत संपवले गेले, आणि मुलीचा संयम सुटला. इतर रुग्णांसमोर तिने तंत्रज्ञाला वही दाखवली आणि ‘तुम्ही आईचा वेळ चोरताय’ असे म्हटले. तो काही बोलला नाही. पुढच्या सत्राला त्याने आईंशी एक शब्दही काढला नाही. त्या रात्री आई मुलीला म्हणाल्या, ‘ज्याच्या हातात सुई आहे, त्याच्याशी भांडू नकोस गं.’ हे वाक्य मुलीने मला फोनवर सांगितले, तेव्हा लक्षात आले की एवढ्या दिवसांत आम्ही वही, आकडे आणि पर्याय यांवर खूप बोललो, पण आईंना हे सगळे चालेल का, असे कोणीही विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही आईंसमोर बसून सगळे सांगितले. त्यांनी दोन अटी घातल्या. तंत्रज्ञाचे नाव कोठेही लिहायचे नाही, आणि मुलीने त्याची क्षमा मागायची. मुलीने ती मागितली. त्यावर तंत्रज्ञाने जे सांगितले ते आमच्या सगळ्या तपासणीत आम्हाला मिळाले नव्हते: संध्याकाळसाठी दुसरा माणूस द्या, असे तो स्वतः चार महिने मागत होता.

मूत्रपिंडतज्ज्ञांनी वही शेवटपर्यंत वाचली. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या: न कळवता एका साध्या दिवशी, योग्य पद्धतीने युरियाचा नमुना, फिस्टुलाची डॉप्लर तपासणी (ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह पाहणे), आणि ड्राय वेटचा फेरविचार. नमुना आला तेव्हा सत्राआधीचा युरिया १४० आणि नंतरचा ५६ होता. यूआरआर ६० टक्के, आणि हिशेबाने केटी/व्ही १.१२. डॉप्लरमध्ये फिस्टुला जेथे धमनीला जोडलेला असतो त्याच्या जरा पुढे शीर अरुंद झालेली दिसली. हाताने तपासल्यावरही तेथली थरथर मंद लागत होती. बोट ठेवून दर सत्राआधी ती पाहिली गेली असती, तर कदाचित बरेच आधी कळले असते. फुग्याने शीर रुंद करण्याची प्रक्रिया आठवड्याभरात झाली.

केंद्राच्या प्रमुखांना दिलेल्या पत्रात चारच मुद्दे होते: सत्राचा वेळ पंपाच्या घड्याळाने मोजावा आणि थांबलेली मिनिटे भरून द्यावीत; नमुना पंप मंदावून आणि दिवस आधी न ठरवता घ्यावा; क्लोरीनची तपासणी संध्याकाळीही व्हावी; अलार्मच्या वेळी हातमोजे बदलता यावेत इतकी माणसे संध्याकाळी असावीत. बैठक तासभर चालली. पहिला अर्धा तास त्यांनी केंद्राची बाजू मांडली. मग ५२ आणि ७२ लिटरचे आकडे त्यांनी स्वतः कागदावर मांडून पाहिले, आणि सूर बदलला.

निष्पत्ती

नमुना घेण्याच्या पायऱ्या पंधरवड्यात भिंतीवर लागल्या. संध्याकाळचा क्लोरीनचा रकाना भरू लागला. दुसरा तंत्रज्ञ मिळायला दोन महिने लागले. आम्ही ठरवलेली एक महिन्याची मुदत त्याआधीच संपली होती आणि ती वाढवायची की नाही यावर पुन्हा वाद झाला. केंद्राने संध्याकाळची शिफ्ट चाळीस मिनिटांनी वाढवली होती, म्हणून आम्ही मुदत वाढवली. नवी पद्धत सर्वांना लागू झाल्यावर संध्याकाळच्या आणखी काही रुग्णांचे आकडे खाली आले, असे प्रमुखांनीच आम्हाला सांगितले. सहकाऱ्याची शंका रास्त होती.

तीन महिन्यांनंतर आईंचा सत्राआधीचा युरिया १३२ आणि नंतरचा ४१ आला. यूआरआर ६९ टक्के, केटी/व्ही १.४. ड्राय वेट एक किलोने उतरवून ५७ केले होते. बारांपैकी सात सत्रांत पडणारा रक्तदाब आता बारांपैकी दोन सत्रांत पडत होता. हिमोग्लोबिन १०.३ वर आले आणि धाप थांबली. खाज कमी झाली, गेली नाही; फॉस्फरस अजून चढाच आहे. मुलीने तेव्हा विचारले की वेळ आणखी वाढवून केटी/व्ही १.७ पर्यंत का नेऊ नये. डॉक्टरांनी तिला २००२ साली प्रसिद्ध झालेल्या हेमो अभ्यासाबद्दल सांगितले: आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस घेणाऱ्यांत युरियाची मात्रा नेहमीपेक्षा बरीच वाढवूनही एकंदर आयुर्मानात फरक दिसला नव्हता. वेळ वाढवायचाच झाला तर तो पाणी हळू काढण्यासाठी उपयोगी पडेल, असे त्यांचे मत पडले.

हातमोज्यांच्या बाबतीत फारसा बदल झालेला नाही. आणि नवव्या महिन्यात दुसरा तंत्रज्ञ नोकरी सोडून गेला, तेव्हा वहीतली मिनिटे पुन्हा २२० वर, मग २१५ वर उतरली. या वेळी ते दुसऱ्याच आठवड्यात लक्षात आले आणि प्रमुखांना एका ओळीची चिठ्ठी पुरली.

वेगळे काय करता आले असते

अहवाल हातात घेतल्यावर मी पहिला प्रश्न ‘किती?’ असा विचारला. ‘नमुना कोणी, कधी आणि कसा घेतला?’ हा प्रश्न त्याआधी यायला हवा होता. त्याने तीन आठवडे वाचले असते. आता आमच्या गटात यूआरआर पाहण्यापूर्वी त्या दिवशीचा पंपाचा वेळ आणि फिरलेले लिटर मागितले जातात, आणि ते मिळाले नाहीत तर अहवालावर मत दिले जात नाही.

बारा सत्रांची वही पूर्ण होईपर्यंत थांबण्याची गरज नव्हती. अलार्म आणि कमी केलेला वेग चौथ्या-पाचव्या सत्रापर्यंत स्पष्ट झाला होता. तेवढ्यावर फिस्टुलाची तपासणी मागता आली असती. पुरावा भक्कम व्हावा म्हणून आम्ही थांबलो, आणि त्या काळात फिस्टुला गोठून बंद पडला असता तर पुराव्याचा काही उपयोग नव्हता. तक्रारीसाठी लागणारा पुरावा आणि तपासणी मागण्यासाठी लागणारी शंका यांत आम्ही गल्लत केली.

तंत्रज्ञाशी बोलणे सर्वांत शेवटी आणि तेही भांडणातून झाले. सुरुवातीलाच, एखाद्या निवांत क्षणी, ‘दादा, वेग का कमी करावा लागतो?’ असे विचारले असते तर त्याने बहुधा तेव्हाच सांगितले असते. आईंची संमती पहिल्या दिवशी घ्यायला हवी होती, याबद्दल वेगळे काही लिहायला नको.

आणि एक प्रश्न पूर्ण राहूनच गेला होता. डायलिसिस सुरू होताना आईंना हेपॅटायटिस बी ची लस दिलेली होती, म्हणून आम्ही तो विषय संपलेला धरला. मूत्रपिंडे निकामी असलेल्यांत लस कमी चढते, आणि म्हणून लसीनंतर प्रतिपिंडांची पातळी मोजावी लागते व पुढे दर वर्षी पाहावी लागते. ती मोजलीच गेली नव्हती. हातमोज्यांचा मुद्दा सुटत नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी ती मोजायला सांगितली, तेव्हा ती मिलिलिटरला १० मिलि-युनिटच्या खाली निघाली; संरक्षणासाठी निदान तेवढी लागते. वाढीव मात्रा दिल्यावर ती चढली. एवढ्या महिन्यांत, एकच मोजे घातलेला हात यंत्रायंत्रांवर फिरत असताना, आईंना हे संरक्षण नव्हते. हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारता आला असता आणि एका रक्ततपासणीत त्याचे उत्तर मिळाले असते. आम्ही तो सातव्या महिन्यात विचारला.